सेवा कोणाची, सोय कोणाची ?

गेल्या चातुर्मासात एका माळकरी वाचकांनी आम्हांस पत्र लिहून शंका विचारली. त्यांचा धाकटा भाऊ एका निवासी संस्थेत नोकरीला लागला आहे. त्या संस्थेत मतिमंद म्हणून ओळखली जाणारी तीसेक मोठी माणसे राहतात. कोणाचे वय 25, कोणाचे 55. भाऊ त्यांना आंघोळीला नेतो, दाढी करतो, कपडे घालतो, जेवू घालतो, औषधाच्या गोळ्या देतो आणि रात्रपाळी असली म्हणजे ओले अंथरूण बदलतो. गावातले लोक त्याला म्हणतात, "बाबा, ही तुझी वारीच आहे." पत्रलेखकांना हे पटत नाही. ते लिहितात, समज लहान मुलाएवढी असलेल्या माणसांचे करणे हे पुण्याचे काम खरे. पण भाऊ दरमहा पगार घेतो. पगार घेऊन केले ते काम, त्याला सेवा कसे म्हणावे ? आणि दुसरे असे, की त्या संस्थेत आठवड्यातून एकदा मटण नाहीतर अंडी असतात. भावाच्या गळ्यात माळ आहे. त्याने ते दुसऱ्याच्या ताटात वाढावे काय ?

शंका प्रामाणिक आहे आणि ती एकट्या त्यांचीच नाही. अशी नोकरी करणारे तरुण आमच्या दिंड्यांतूनही भेटतात. चार दिवसांची रजा काढून येतात आणि रजा संपली की वाटेतूनच माघारी फिरतात. आम्ही विचार करू लागलो तेव्हा असे दिसले की पगाराचा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही, आणि ताटाचा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही.

ही माणसे कोण, हे आधी नीट सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे वेडा, खुळा, मंद हे सगळे एकाच पोत्यात भरतात. वेड हा आजार आहे. तो चांगल्या जाणत्या माणसाला मध्येच होतो आणि औषधाने पुष्कळदा आटोक्यात येतो. येथे तसे नाही. जन्मापूर्वी, जन्मताना किंवा बालपणी मेंदूची वाढ कुठेतरी अडते, आणि शिकणे, हिशेब करणे, पुढचे ताडणे, आपले व्यवहार आपण सांभाळणे हे जन्मभर जड जाते. कारणे अनेक. बाळंतपणात बाळाला प्राणवायू कमी पडला, मेंदूज्वर झाला, थायरॉइड ग्रंथीचा स्राव जन्मतःच कमी असून तो वेळेवर ओळखला गेला नाही. किंवा डाऊन सिंड्रोममध्ये होते तसे, एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती आल्या. कित्येकांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. गेल्या जन्मीचे पाप, ग्रहणात आईने विळी हातात घेतली, असली कारणे सांगणाऱ्यांनी निदान त्या आईसमोर तरी गप्प बसावे. 2011 च्या जनगणनेत देशात अशा माणसांची नोंद सुमारे 15 लाख झाली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने जुना शब्द टाकला, आणि आता बौद्धिक दिव्यांग असे म्हणतात.

पत्रलेखकांनी 'समज लहान मुलाएवढी' असे लिहिले आहे. सगळेच तसे म्हणतात, डॉक्टरही म्हणतात. तरी आम्हांला हे बोलणे सोडून द्यावेसे वाटते. ज्याने 50 पावसाळे पाहिले, बापाला खांदा दिला, धाकट्या बहिणीचे लग्न होऊन ती सासरी गेलेली पाहिली आणि आपले लग्न होत नाही हेही पाहिले, त्याला पैसे मोजता येत नाहीत एवढ्यावरून तो पाच वर्षांचा कसा होतो ? मोजमाप हवेच, नाहीतर मदत कोणाला किती द्यायची ते ठरणार नाही. बुद्ध्यांक 70 च्या खाली आणि रोजच्या व्यवहारांत अडचण, असा साधारण दंडक आहे. पण मोजमापाची गंमत आपल्या संप्रदायाला ठाऊक आहे. गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांच्या डोक्यांची परीक्षा केली तेव्हा कच्चे मडके ठरले ते नामदेवराय, म्हणजे ज्यांच्या हातचा नैवेद्य देवाने खाल्ला ते. असो.

लहान मुलांसाठी शाळा आहेत. मुंबईची जय वकील शाळा 1944 पासूनची, पुण्याची कामायनी 1964 ची, आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत निघाल्या. अडचण येते ती मूल अठरा वर्षांचे झाल्यावर. शाळा संपते. अनाथ असेल तर बालगृहाची मुदत संपते. घर असेल तर तो घरी बसतो आणि आईबाप म्हातारे होत जातात. जुन्या काळी अशी माणसे फार जगत नसत. आता औषधोपचारांनी जगतात, साठीसुद्धा गाठतात, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यामुळे ऐंशी वर्षांची आई पंचावन्न वर्षांच्या मुलाला न्हाऊ घालते आहे हे दृश्य गावोगाव दिसू लागले आहे. त्या आईचा एकच प्रश्न असतो: आमच्यामागे याचे कोण करील ? त्या प्रश्नाचे आजचे उत्तर म्हणजे पत्रलेखकांचा भाऊ, आणि त्याच्यासारखे दादा आणि मावश्या. संस्थांमधून या बायकांना मावशीच म्हणतात. हुद्दा कागदावर काहीही असो.

आता पगाराचे. द्रव्य घेतले की सेवा विटाळते, हा समज कीर्तनाच्या व्यासपीठावरूनही ऐकू येतो. बोलणारे बुवा बिदागी घेतात ही गोष्ट वेगळी. आपले संत कोण होते ते पाहावे. गोरोबाकाका मडकी विकत होते. सावता महाराज भाजी पिकवून विकत होते. तुकोबारायांचे घराणे वाण्याचा व्यवसाय करणारे. आणि सेना महाराज ! लोकांच्या अंगाला हात लावून, हजामत करून, तेल चोळून, त्याबद्दल मोबदला घेऊन संसार चालवणारे. पत्रलेखकांचा भाऊ जे करतो तेच काम, जवळजवळ जसेच्या तसे. सेना महाराज पूजेत असताना राजाचे बोलावणे आले, ते उठले नाहीत, तेव्हा देवाने त्यांची धोकटी काखेला मारली आणि त्यांच्या बदलीवर जाऊन काम उरकले, असे आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो. देवाला ते काम हलके वाटले नाही, आणि ते पगाराचे आहे म्हणून त्याने नाकारलेही नाही. नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन त्याने बारा वर्षे कावडीने पाणी वाहिले ते दोन वेळच्या जेवणावर. तोही एक प्रकारचा पगारच. ज्याला घरी चार तोंडे खाणारी आहेत त्याने पगार न घेता हे काम करावे असे म्हणणे म्हणजे हे काम श्रीमंतांच्या मुलांसाठी राखून ठेवणे आहे, आणि श्रीमंतांची मुले ते करायला आलेली आम्ही फारशी पाहिली नाहीत.

पगाराने सेवा बिघडत नाही. बिघडते ती दुसऱ्याच गोष्टीने, आणि ती गोष्ट फुकट सेवा करणाऱ्याच्या हातूनही होते. घरच्या आईच्या हातूनही होते. थोडे विस्ताराने सांगतो.

सदऱ्याला पाच गुंड्या असतात. ज्याला गुंड्या लावता येत नाहीत त्याला सदरा घालायला दादाला दोन मिनिटे लागतात. तीस माणसे, चार दादा, नऊला नाश्ता. दादा पटापट पाचही गुंड्या लावतो आणि पुढच्याकडे वळतो. यात काही वाईट दिसत नाही. पण शिकवणाऱ्या जाणत्या लोकांची एक रीत आहे. चार गुंड्या आपण लावायच्या, पाचवी काजात अर्धी सरकवून सोडायची आणि थांबायचे. तो ओढील. आज नाही तर आठ दिवसांनी ओढील. मग शेवटची पुरती त्याच्यावर सोपवायची. मग शेवटच्या दोन. शेवटाकडून मागे यायचे, म्हणजे प्रत्येक वेळी काम पुरे होते ते त्याच्या हाताने. आंघोळीचेही तसेच, ताट घासण्याचेही तसेच. एकेका कामाचे दहा-बारा तुकडे पाडून शिकवता येतात. याला महिने लागतात, आणि त्या महिन्यांत दादाला रोज दोन मिनिटांऐवजी दहा मिनिटे हात बांधून उभे राहावे लागते. या कामातला सर्वांत अवघड भाग हाच, असे ज्यांनी वर्षानुवर्षे केले आहे ते सांगतात. ओले अंथरूण बदलणे सोपे, त्याची सवय होते. आपल्याला येत असलेले काम समोर अडलेले दिसत असताना हात न घालणे याची सवय होत नाही.

हे ऐकले की आम्हांला जनाबाईचे जाते आठवते. देवाने जनीबरोबर दळले. 'बरोबर' या शब्दाकडे लक्ष द्यावे. मनात आणले असते तर सबंध पायली एका निमिषात पीठ करून ठेवता आली असती, आणि जनीला सांगता आले असते की तू बाजूला बस, तुला नाही झेपायचे. तसे केले नाही. तो जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसला आणि खुंट्याला हात लावला. एका खुंट्याला दोन हात. ज्यांनी जात्यावर दळले आहे, किंवा आजीला दळताना पाहिले आहे, त्यांना ठाऊक आहे की समोरची बाई नुसता जोर लावून ओढू लागली तर आपला हात फरफटतो. तिने आपली गती धरली तरच दळण हलके होते. जे जनीच्याने होण्यासारखे नव्हते ते देवाने पुरते आपल्या हाताने केले, तिच्या केसांतल्या उवासुद्धा काढल्या असे सांगतात. दोन्ही त्याच सेवेत येते. कुठे नुसता हात लावायचा आणि कुठे सगळे आपण करायचे, ते समोरच्याकडे पाहून ठरते, आपल्या घड्याळाकडे पाहून ठरत नाही.

घड्याळाचे कारण निदान उघड आहे. दुसरे कारण जास्त लपलेले आहे, आणि ते भल्या माणसांत अधिक आढळते. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते यात एक गोडी आहे. "माझ्याच हातून जेवतो बघा, दुसऱ्या कोणाकडे जात नाही," हे मावशी मोठ्या कौतुकाने सांगतात, आणि ते कौतुक खोटे नसते. पण मावशींना उद्या ताप आला, किंवा त्यांच्या मुलीचे बाळंतपण निघाले, की तो माणूस चार दिवस उपाशी. आईच्या बाबतीत तर हे 'चार दिवस' कायमचेच व्हायचे असतात. जिने चाळीस वर्षे घास भरवला, कोणाला हात लावू दिला नाही, ती गेल्यावर त्याला दुसऱ्याच्या हातचा घास घेता येत नाही. यात आईचा दोष काढण्याची आमची छाती नाही. पण ज्याला आपण माया म्हणतो तिच्यात मालकीचा एक धागा असतो, आणि आपल्या संप्रदायात तर मालकी सोडण्याचीच सारी खटपट चालते.

आता ताटाचे. पत्रलेखकांना वाटते की हा प्रश्न भावाच्या व्रताचा आहे. आम्हांला वाटते की तो समोर बसलेल्या माणसाचा अधिक आहे.

भावाच्या गळ्यातली माळ भावाने मागून घेतली. ज्ञानेश्वरीवर ठेवलेली माळ उचलली तेव्हा त्याने अमुक खाणार नाही, एकादशी धरीन, वारी चुकवणार नाही असे वचन दिले. ते वचन त्याने जन्मभर पाळावे. पण पाटावर बसलेल्या पन्नास वर्षांच्या गृहस्थाने असे काहीही कबूल केलेले नाही. त्याच्या वडिलांच्या घरी दर रविवारी मटण होत असेल; चाळीस वर्षे वडिलांशेजारी बसून त्याने ते खाल्ले असेल, आणि वडील गेल्यानंतर त्या घरातले त्याच्याजवळ उरलेले तेवढेच असेल. त्याच्या दिवसाकडे जरा पाहा. उठायचे केव्हा ते दुसऱ्याने ठरवायचे. सदरा कोणता तेही. खोलीत सोबती कोण, दिवा मालवायचा केव्हा, दूरदर्शनवर काय लावायचे, सगळे दुसऱ्याने. अशा माणसाला आठवड्यात एकदा विचारले जाते, मटण की अंडे, आणि तो बोट दाखवतो. ते बोट माळकऱ्याने मोडू नये.

आमचे काही सोवळे मित्र यावर रागावतील. त्यांना आमचे एवढेच सांगणे, की वाढणे मनाला अगदीच सोसत नसेल तर नोकरी धरतानाच वरिष्ठांना तसे मोकळेपणाने सांगावे आणि सोबत्याशी पाळी बदलून घ्यावी; पुष्कळ ठिकाणी ते जमते. जे करू नये ते हे : गुपचूप कमी वाढणे, "संपलं" म्हणून खोटे सांगणे, आणि सर्वांत वाईट, "विठोबा रागावतो बरं का" असे त्याला भिववणे. तो विश्वास ठेवतो. पुढे जन्मभर त्या सावळ्या मूर्तीला भिऊन राहील, आणि ती भीती काढायला कोणी येणार नाही.

उलटही होते. दिंडीत सगळ्यांच्या गळ्यात माळ पाहून एखादा हट्ट धरतो, मला पाहिजे. द्यावी का ? व्रत समजत नसताना माळ घालणे हा खेळ होईल, असे एक मत आहे. आमचे मत निराळे आहे. त्याला विचारावे, एकदा नव्हे, पाच वेगवेगळ्या दिवशी, साध्या शब्दांत, ताट दाखवून. 'हे मग खायचं नाही' एवढे त्याला कळते का पाहावे. कळत असेल आणि तरी हवी म्हणत असेल तर द्यावी. पुढे कधी त्याचे मन फिरले तर आकांडतांडव करू नये. शहाणीसुरती माणसे माळ काढून खुंटीला अडकवून ढाब्यावर जाऊन येतात, त्यांना आपण काही म्हणत नाही. एकादशीचे मात्र सांभाळावे. ज्याला मधुमेह आहे, किंवा फिटच्या गोळ्या चालू आहेत, त्याला आपल्या हौसेखातर उपाशी ठेवू नये. गोळी आणि जेवण वेळेवरच.

येथे कोणी विचारील, की मग जो मागेल ते द्यायचे काय ? मधुमेह्याला जिलबी ? रस्ता ओलांडता येत नसलेल्याला एकट्याने बाजारात ? असे कोण म्हणेल ! विस्तवापासून, वाहनापासून, फसवणाऱ्यापासून, आणि विशेषतः अंगाशी येणाऱ्या दुष्ट माणसापासून सांभाळणे हे या कामाचे अर्धे अंग आहे, आणि त्यात हयगय झाली तर बाकीच्या साऱ्या बोलण्याला अर्थ नाही. पण नाही म्हणण्याच्याही तऱ्हा आहेत. जिलबीचे ताट समोरून हिसकावणे ही एक. त्याच्याशी बसून, आज अर्धी आणि ती जेवणानंतर, असे ठरवणे ही दुसरी, आणि किती चालेल ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवणे हे त्या दुसरीत येते. प्रत्येक 'नाही' च्या वेळी मदतनिसाने स्वतःला एक विचारावे, की हे नाही त्याच्या जिवासाठी आहे, की माझे काम वाचावे म्हणून ?

हा प्रश्न विचारला नाही म्हणजे काय होते ते आपल्या राज्याने 1994 साली पाहिले. एका सरकारी आश्रयगृहातील मतिमंद स्त्रियांची गर्भाशये शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. कारण असे सांगितले गेले, की मासिक पाळीच्या वेळची स्वच्छता त्यांना राखता येत नाही आणि राखवून घेणे कर्मचाऱ्यांना जड जाते. स्त्रियांच्या संघटनांनी आवाज उठवला, वृत्तपत्रांतून मोठे वादळ झाले आणि ते थांबले. ज्यांनी निर्णय घेतला ते क्रूर लोक होते असे आम्ही म्हणणार नाही. हे त्या स्त्रियांच्या भल्यासाठीच आहे असे त्यांना मनापासून वाटले असेल. सोय ही अशीच भल्याचे कपडे घालून येते. घडी घालून ठेवलेला कपडा कसा घ्यायचा, कुठे टाकायचा, हात कसे धुवायचे, हेही गुंड्यांसारखेच तुकडे पाडून शिकवता येते आणि पुष्कळ मुली ते शिकतात. वेळ लागतो. वेळ द्यायला माणसे लागतात. माणसे ठेवायला पैसा लागतो.

कायद्याला ही गोष्ट उशिरा का होईना कळली. अठरा वर्षांनंतर आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्ह्यातल्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. पुष्कळ घरांना हे ठाऊक नसते आणि बँकेत किंवा जमिनीच्या कामात अडल्यावर कळते, म्हणून येथे नोंदवतो. 2016 च्या कायद्याने मर्यादित पालकत्वाची कल्पना आणली. पालकाने परस्पर ठरवायचे नाही. त्या माणसाबरोबर बसून, त्याचा कल घेऊन, एकमेकांच्या विश्वासाने ठरवायचे. एका खुंट्याला दोन हात म्हटले ते हेच.

हे नुसते कागदावर राहते असेही नाही. अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे गाडगेबाबांच्या वाटेने जाणारे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेली शंभरावर दिव्यांग मुले सांभाळली, कित्येकांना बापाच्या जागी आपले नाव दिले, काहींची लग्ने लावली, आणि अठरा वर्षे झाली म्हणून अशांना घराबाहेर काढू नये असा कायदा व्हावा हे वर्षानुवर्षे लावून धरले. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. दूरचे एक उदाहरण आम्हां वारकऱ्यांना जवळचे वाटावे असे आहे. बेल्जियम देशात गेल नावाचे गाव आहे. तेथे डिम्फना नावाच्या संत स्त्रीचे ठिकाण असून मनाने आणि बुद्धीने अधू झालेल्यांना घेऊन लोक शेकडो वर्षांपूर्वीपासून यात्रेला येत. देवळाची धर्मशाळा भरून जाई. मग गावातल्या शेतकऱ्यांनी यात्रेकरू आपापल्या घरी ठेवून घ्यायला सुरुवात केली, आणि कित्येक राहिले ते कायमचेच. ती प्रथा अजून चालू आहे. 1930 च्या दशकाच्या अखेरीस गावात साडेतीन हजारांवर अशी माणसे घरोघर राहत होती. आता संख्या पुष्कळ उतरली आहे. त्यांना रोगी म्हणत नाहीत, घरचा राहता पाहुणा अशा अर्थाचा शब्द वापरतात. पाहुणा शेतावर हात लावतो, पोरे खेळवतो, जेवणाच्या टेबलावर त्याची जागा असते. आणि त्या कुटुंबांना सरकारातून त्याबद्दल पैसे मिळतात. शेकडो वर्षांत त्या पैशाने त्यांची माया बाटली असे कोणी म्हटलेले आमच्या ऐकण्यात नाही.

पैशावर पुन्हा आलो, कारण एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. 'सेवा' हा आपला पवित्र शब्द आहे, आणि त्याचाच दगड करून या मावश्यांच्या पदरात बांधला जातो. पगार वाढवून मागितला की म्हणतात, "अहो, ही सेवा आहे, हिशेब काय करता ?" रजा मागितली की म्हणतात, "या लेकरांना सोडून जाववेल का तुम्हांला ?" बारा बारा तासांच्या पाळ्या, रात्री एकटीवर पंधरा माणसे, कोणाला फिट आली तर काय करायचे याचे धड शिक्षणही नाही. फिट आलेल्या माणसाला कुशीवर वळवावे, तोंडात काही कोंबू नये, हातपाय दाबून धरू नयेत, कांदा नि जोडा नाकाशी धरू नये, घड्याळ लावावे आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठावा, एवढे साधे ज्ञानसुद्धा कित्येकींना कोणी दिलेले नसते. दमलेली बाई पाचवी गुंडी अर्धी सोडून वाट पाहील ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची ? पगार, रजा आणि शिक्षण यांवाचून नुसते थोरवीचे गोडवे गाणाऱ्या विश्वस्तांना आम्ही एवढेच विचारतो, सेना महाराजांच्या बदलीवर जायला देव निघाला. तुम्ही मावशींच्या बदलीवर कोणाला ठेवले आहे?

दिंडीवाल्यांना मात्र यात करण्याजोगे पुष्कळ आहे. वारीत आपण एकमेकांस माऊली म्हणतो. ज्याला घरी येडा आणि संस्थेत 'आमचा बाळ' म्हणतात त्यालाही त्या वाटेवर पाया पडून माऊली म्हणणारे भेटतात, आणि तो त्यांच्या पाया पडतो. गर्दीचा, आवाजाचा ज्याला त्रास होतो त्याला मात्र ओढून नेऊ नये. वारी म्हणजे त्याला शिक्षा होईल. ज्याला यायचे आहे त्याला पहिल्या वर्षी सगळी वाट न चालवता एक-दोन मुक्काम न्यावे. चालताना त्याला मध्ये घ्यावे, सोबतीला ओळखीचा माणूस असावा, आणि त्या माणसालाही दोन घटका मोकळे सोडणारा दुसरा कोणी असावा. हातात काहीतरी द्यावे. टाळ चालेल, पताका चालेल. टाळ ठेक्यावर पडणार नाही, त्याला पखवाजवाल्याची हरकत नसते. गोळ्या दोन जागी ठेवाव्यात, निम्म्या सोबत्याजवळ आणि निम्म्या विणेकऱ्याजवळ किंवा दिंडीच्या मालकाजवळ. सदऱ्याच्या आतल्या खिशात नाव, गाव, दिंडीचा क्रमांक, दोन फोन नंबर आणि औषधाचे नाव लिहिलेली चिठ्ठी असावी. ती चिठ्ठी त्याच्यासमोर लिहावी, काय लिहिले ते वाचून दाखवावे, आणि खिशात त्याची त्याला ठेवू द्यावी.